चौथ्या उद्गाराच्या मेट्रनबाई

आधीच माफी मागतो. कुणावर लेख लिहावा एवढं माझं वय नाही, आणि लिहिण्याची सवय आमच्या घरात कुणालाच नव्हती. वडील सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत, आई घरी असते, आणि कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. आमच्या चर्चच्या मंडळीत माझ्यापेक्षा चांगलं मराठी लिहिणारे निवृत्त शिक्षक आहेत, सेक्रेटरीसाहेब आहेत. पण त्यांच्यापैकी कुणी मेट्रनबाईंवर लिहिणार नाही, आणि लिहिलंच तर त्या प्रेमळ व मनमिळाऊ होत्या असं लिहील. त्या तशा नव्हत्या. एवढ्याच कारणानं मी हे धाडस करतो आहे. चुकलं तर पोटात घाला.

मेट्रनबाई आमेन म्हणत नसत. म्हणजे कधीच म्हणत नसत असं नाही. चर्चमध्ये प्रार्थना संपली की सगळे एका सुरात आमेन म्हणतात, प्रार्थनेत काय होतं याकडे लक्ष असो वा नसो. मेट्रनबाई मात्र आधी प्रार्थना तपासायच्या. पटली तर खणखणीत आमेन. नाही पटली तर बाकीच्यांचं आमेन विरून जाईपर्यंत थांबायच्या आणि मग नाकातून एक 'हं' सोडायच्या. शिकाऊ नर्सनं ढिलं बांधलेलं बँडेज बघून काढावा, तसा तो 'हं' होता. अख्ख्या चर्चला ऐकू जायचा. प्रार्थना करणारा कोण होता याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पाळकसाहेबांच्या प्रार्थनेलाही हं, आणि बाहेरून आलेल्या मोठ्या पाहुण्यांच्या प्रार्थनेला तर दोनदा हं.

त्या एका जुन्या दवाखान्यात मेट्रन होत्या. माझ्या आठवणीत त्या कायम निवृत्तच आहेत, पण बाईंनी ड्यूटी सोडलेली नव्हती. कडक इस्त्रीची पांढरी साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्याजवळ पिनेनं उलटं टांगलेलं घड्याळ. प्रवचन लांबलं की त्या ते घड्याळ दोन बोटांनी उचलून बघायच्या आणि पाळकसाहेबांचं वाक्य अडखळायचं. त्यांचं नाव मंडळीत कुणी घेत नसे. लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या त्या मेट्रनबाईच.

एकदा उन्हाळ्यात आमच्या भागात आठवडाभर नळाला पाणी आलं नव्हतं. आमची आई घागरी घेऊन दोन गल्ल्या पलीकडे जात होती. त्या रविवारी सेक्रेटरीसाहेबांनी उपकारस्तुतीची प्रार्थना केली. आवाज मऊ, डोळे घट्ट मिटलेले. देवा, तू आम्हाला काही कमी पडू दिलं नाहीस, तू सगळं भरभरून दिलंस, आमचा प्याला वाहतो आहे, असं बरंच. आमेन झालं आणि तिसऱ्या बाकावरून हं आला. उपासना सुटल्यावर दारात सेक्रेटरीसाहेबांनी हसत विचारलं, "काय मेट्रनबाई, आमचं काय चुकलं?"

"तुमचं काही चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडं बोअर आहे. तुम्ही तुमच्यापुरतं बोललात. पण 'आम्ही' म्हणालात की. त्या आम्हीत या बायका कशाला घातल्या? यांच्या घागरी बघा आणि मग डोळे मिटा."

सेक्रेटरीसाहेब नंतर आठवडाभर सांगत फिरले की बाईंचं वय झालं आहे. मला त्या वेळी बाईंची भीती वाटायची, पण त्या दिवशी पहिल्यांदा असं वाटलं की आमच्या रिकाम्या घागरी चर्चच्या आत कुणीतरी आणून ठेवल्या.

त्यांचं एक बोलणं ठरलेलं होतं. दवाखान्यात काही पेशंट असे असायचे की तासन्‌तास कण्हायचे, नर्सला झोप लागू द्यायचे नाहीत, आणि डॉक्टर राउंडला आले की पांघरूण सारखं करून म्हणायचे, छान आहे साहेब, तुमची कृपा. मेट्रनबाईंना या पेशंटांची मनापासून चीड होती. "दुखतंय कुठं ते सांगायचं नाही आणि बरं करा म्हणायचं," त्या म्हणायच्या. "आपली मंडळी तसलीच आहे. सहा दिवस कण्हते आणि सातव्या दिवशी म्हणते, छान आहे, तुझी कृपा. तो काय राउंड घेऊन पुढच्या खाटेकडं जाईल नाहीतर काय करील?"

आमच्या उपासनेत एक वाचन असतं. स्तोत्राची एक ओळ पाळक वाचतात, पुढची ओळ मंडळी वाचते. आता स्तोत्रांमध्ये देवाकडं केलेली गाऱ्हाणी किती आहेत हे पवित्र शास्त्र उघडून बघणाऱ्या कुणालाही दिसेल. पण आमच्या चर्चमध्ये निवड अशी असे की मेंढपाळ, हिरवं कुरण आणि संथ पाणी यांच्या पलीकडे आम्ही जात नसू. (हिरवं कुरण सोलापुरात कुणी बघितलंय, हा बाईंचा प्रश्न.) कधी चुकून गाऱ्हाण्याचं स्तोत्र निघालंच, तर पाळक मधल्या कडू ओळी गाळून थेट शेवटच्या गोड ओळीवर उतरायचे. तसं झालं की मेट्रनबाई थांबायच्या नाहीत. पाळक पुढं, मंडळी त्यांच्या मागं, आणि बाई एकट्या त्या गाळलेल्या ओळी मोठ्यानं वाचत असायच्या. मंडळीचं वाचन संपून जायचं आणि बाईंचं चालूच असायचं. त्या संपेपर्यंत पेटी वाजवणारा हात वर धरून थांबायचा. एका पाळकांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, की अशा ओळींनी नवीन लोक खचतात. बाई म्हणाल्या, "खचलेलेच आलेत साहेब. न खचलेले रविवारी सिद्धेश्वर तलावावर फिरायला जातात."

यावरून कुणाला वाटेल की बाई रडक्या होत्या. त्यांना रडणाऱ्यांचा तिटकारा होता. अलीकडे आमच्याकडे आराधनेची नवी पद्धत आली आहे. दिवे मंद करतात, कीबोर्डवर एकच सूर धरून ठेवतात आणि पुढचा तरुण डोळे मिटून हात वर करतो. मग बरेच जण रडतात. गाणं संपलं की डोळे पुसून समोसे खायला जातात. मेट्रनबाई तेवढा वेळ बाहेर पायरीवर जाऊन बसत. मी एकदा त्यांना म्हणालो, बाई, हे लोक पण देवापुढं रडतच आहेत ना?

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी अकरावीत गेल्यापासून त्या मला नावानं हाक मारत नव्हत्या, कॉलेज म्हणायच्या. "कॉलेज, ऐक," त्या म्हणाल्या. "रडणं वेगळं आणि गाऱ्हाणं वेगळं. रडायला उशी पुरते. गाऱ्हाण्याला समोर कुणीतरी लागतो. यांच्या समोर कोण आहे? कीबोर्ड."

इथं मला माझ्या भावाबद्दल लिहावं लागेल. शमुवेल माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. घरात आम्ही त्याला शम्या म्हणायचो. पावसाळ्याच्या शेवटी त्याला ताप आला. आधी गल्लीतल्या डॉक्टरांनी साधा ताप म्हणून गोळ्या दिल्या, मग डेंग्यू निघाला, मग पेशी उतरत गेल्या आणि शम्या गेला. एवढंच. यापेक्षा जास्त मला अजून लिहिता येत नाही.

दफन झाल्यावर दुसऱ्या दिवशी मंडळी घरी सांत्वनाला आली. आमची एकच खोली आणि पुढं पत्र्याची पडवी. बायका आत, पुरुष पडवीत. भगिनी मंडळाच्या अध्यक्षा, म्हणजे सेक्रेटरीसाहेबांच्या पत्नी, आईचा हात धरून म्हणाल्या, की माळी बागेतलं सगळ्यात सुंदर फूल आधी खुडतो, तसं देवानं केलं. दुसऱ्या म्हणाल्या, की तो किती चांगल्या ठिकाणी गेला. तिसऱ्यांनी सांगितलं, की सर्व गोष्टींसाठी उपकार माना, असं आपल्याला शिकवलेलं आहे. आई त्यांच्याकडं नुसती बघत होती. मग त्यांनी 'आनंदाचं गीत' सुरू केलं. खरंच आनंदाचं. टाळ्यांसकट.

मेट्रनबाई दारात आल्या तेव्हा दुसरं कडवं चालू होतं. त्यांनी बूट काढले, बायकांमधून वाट काढत आईजवळ आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. गाणं आपोआप बंद पडलं.

"देवाला फुलं कमी पडली होती का?" त्यांनी अध्यक्षांना विचारलं. ते वाक्य बाईंना पडवीत कुणाकडून तरी कळलं असणार. "आणि तुम्ही खुडून देणार होता का तुमच्या बागेतलं?"

बाई आईशेजारी जमिनीवर बसल्या. त्या वयात त्यांना खाली बसायला त्रास व्हायचा, भिंतीला हात टेकत टेकत बसल्या. डोळे मिटले नाहीत. वर पत्र्याकडं बघून, वॉर्डात वेळेवर न आलेल्या डॉक्टरशी बोलावं तशा आवाजात त्यांनी प्रार्थना सुरू केली.

"देवा, हे घर कुसुमचं आहे. तुला माहीत आहे, कारण ही तुला रोज हाक मारते. आजारपणातही मारली. तू आला नाहीस. का आला नाहीस ते आम्हाला कळलेलं नाही, आणि या बायका जे सांगतात ते आम्हाला पटलेलं नाही. तू सगळं चांगलं करतोस असं आम्ही ऐकून आहोत. हे चांगलं नाही. आम्ही उठून जात नाही, हितंच बसलोय. तू उत्तर दे."

त्यात सांत्वनाचं एकही वाक्य नव्हतं. मग त्या आमेन म्हणाल्या. पडवीतून वडिलांचं आमेन आलं. बाकी कुणाचं आलं नाही.

बाहेर पडताना पुरुषांत कुजबुज होती, की ही देवाची निंदा झाली. एक जण म्हणाला, दुःखात असलेल्या घरात असलं बोलतात का. मला त्या लोकांचा राग आला नाही. मला त्यांची किळस आली, आणि हे लिहिताना माझा हात कचरतो आहे, कारण ती माणसं आमच्यासाठी डबे घेऊन आली होती. पण डबे भरलेले होते आणि प्रार्थना रिकाम्या होत्या, हे खरं आहे.

त्यानंतर आईनं प्रार्थना करणं सोडलं. पूर्वी ती भाकरी थापताना, कपडे धुताना मोठ्यानं देवाशी बोलायची. केम गावातून लग्न होऊन आली तेव्हा शहरात तिला बोलायला कुणी नव्हतं, तेव्हापासूनची ती सवय. घरात तो आवाज कायम असायचा, रेडिओ असावा तसा. तो बंद झाला. आई चर्चला यायची, बसायची, पण गाणी म्हणायची नाही आणि प्रार्थनेत ओठ हलवायची नाही. वडिलांनी एकदा म्हणून बघितलं, की जेवणाआधी तू प्रार्थना कर. आई ताट पुढं सरकवून म्हणाली, "तुमी करा. माजं त्याच्याशी बोलणं न्हाय."

भगिनी मंडळानं लगेच आईसाठी खास प्रार्थना ठेवली, विश्वासात परत यावी म्हणून. ते मेट्रनबाईंना कळलं. त्या मंडळाच्या बैठकीला सहसा जात नसत, चहा पातळ असतो म्हणून. त्या दिवशी गेल्या. तिथं त्या काय म्हणाल्या ते शेजारच्या काकूंनी आम्हाला येऊन सांगितलं: "कुसुम कुठं गेलेली नाही. भांडणारी बाई घर सोडून गेलेली नसते. तुम्ही आपापलं घर बघा, तुमच्या घरात भांडण पण नाही."

मग त्या दर बुधवारी संध्याकाळी आमच्याकडं येऊ लागल्या. येताना वर्तमानपत्रात बांधलेली शेंगांची चटणी आणायच्या. आईला प्रार्थना कर असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. चहा प्यायच्या, तो बरा झाला नाही हे सांगायच्या आणि मग आईच्या वतीनं स्वतःच देवाकडं गाऱ्हाणं मांडायच्या. दर वेळी नवीन. आज शाळा सुटली, पोरं घरी आली, या घरात कोण आलं? असं. आई भाजी निवडत ऐकायची.

एका बुधवारी बाई म्हणत होत्या, "देवा, आज कुसुमनं मटकीची उसळ केली आहे. शमुवेलला ती फार आवडायची, आणि—"

"त्येला मटकी आवडत न्हवती," आई मध्येच म्हणाली.

बाई थांबल्या. आईनं भाजीतून मान वर केली नव्हती. "मटकी बाजूला काढून ठिवायचा आन नुसता रस्सा खायाचा. नीट सांगा त्येला."

"नीट सांगते," बाई म्हणाल्या आणि दुरुस्ती करून पुढं गेल्या. बाईंनी मुद्दाम चूक केली होती की त्यांना खरंच माहीत नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. मी विचारलं असतं तर हं मिळाला असता. पण त्या दिवसानंतर आई त्यांच्या प्रार्थना दुरुस्त करू लागली. स्वतः मात्र एक शब्द देवाला उद्देशून बोलली नाही. बाईंनाच सांगायची, त्येला असं सांगा, तसं सांगा. दोन भाऊ अबोला धरतात आणि मध्ये पोराला निरोप घेऊन पाठवतात, तसं ते चाललं होतं. वडिलांना आत कुठंतरी एकच धास्ती होती, की बाई म्हाताऱ्या आहेत. बाई गेल्या की आईचा हा निरोप्याही जाईल आणि मग ती कायमची गप्प होईल. ते मला एकदा म्हणाले सुद्धा. मलाही तीच भीती होती.

आता उत्तम शुक्रवारचं, म्हणजे गुड फ्रायडेचं सांगतो. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन आमच्याकडं मोठी उपासना असते. ख्रिस्तानं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. कोणी कोणता उद्गार घ्यायचा हे महिनाभर आधी कमिटीत ठरतं आणि त्यावरून रुसवेफुगवे होतात. पहिल्या उद्गारात क्षमा आहे, दुसऱ्यात स्वर्ग आहे, त्यामुळे त्यांना मागणी असते. सातवा सेक्रेटरीसाहेब घेतात, कारण तोपर्यंत बाहेर सावलीत गेलेले लोक आत आलेले असतात. चौथा कुणालाच नको असतो. त्यात ख्रिस्त स्वतः बापाला विचारतो की तू मला का टाकलंस. दुपारी दीडच्या उन्हात या प्रश्नावर काय बोलायचं? उत्तर दिलं तर खोटं वाटतं आणि न देता बसलं तर लोक विचारतात, भाषण अर्धवट का राहिलं. म्हणून मला समजतं तेव्हापासून चौथा उद्गार मेट्रनबाईंचा होता.

त्या समजावून काही सांगत नसत. पुढं जायच्या, चष्मा लावायच्या आणि त्या वर्षी मंडळीत जे जे घडलं ते देवाला सांगायच्या. कुणाचा मुलगा गेला, कुणाची गिरणी बंद पडली, कुणाच्या लेकीला सासरच्यांनी परत पाठवलं. प्रत्येकाचं नाव घेऊन. प्रत्येक नावानंतर विचारायच्या, का? आणि थांबायच्या. उत्तर येण्याएवढा वेळ थांबायच्या. बाहेर रिक्षाचा हॉर्न ऐकू यायचा, पंखे करकरायचे. शेवटी त्या एवढंच म्हणायच्या, "त्यानंही विचारलं. त्यालाही लगेच उत्तर आलं नाही. आपण चांगल्या संगतीत आहोत." आणि खाली उतरायच्या. लोक त्यांना टरकायचे, पण त्या दिवशी आपलं नाव घेतलं जातंय का याकडं सगळ्यांचे कान असायचे.

मग नवे पाळक आले. तरुण, उत्साही. प्रोजेक्टर त्यांनीच आणला, मोठे कूलर बसवून घेतले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना कशातच खड्डा दिसत नसे, रस्ता दिसायचा. त्यांना वाटलं की उत्तम शुक्रवारही थोडा आशादायक हवा, तरुणांना पुढं आणायला हवं. कमिटीनं चौथा उद्गार सेक्रेटरीसाहेबांच्या जावयांना दिला. ते पुण्यात कंपन्यांमधून प्रेरणादायी भाषणं करतात. मेट्रनबाईंना हे कुणी सांगितलं नाही. त्यांना त्या दिवशी पडद्यावर नाव बघून कळलं.

जावई माइक हातात घेऊन फेऱ्या मारत बोलले. म्हणाले, देव कधीच कुणाला टाकत नाही. त्या क्षणी फक्त नेटवर्क गेलं होतं. मित्रांनो, नेटवर्क गेलं तर आपण फोन फेकून देतो का? थोडी वाट बघतो, आणि रेंज येते. ईस्टरच्या रविवारी सकाळी फुल रेंज आली की नाही? लोक हसले. पाळकसाहेब मान हलवत होते. पडद्यावर मोबाईलच्या मनोऱ्याचं चित्र होतं. वधस्तंभावरच्या माणसाच्या त्या हाकेचं आमच्या चर्चनं हे केलं.

मेट्रनबाई उठल्या. छत्री घेतली आणि मधल्या वाटेनं बुटांचा चपचप आवाज करत बाहेर गेल्या. दाराशी कुणीतरी विचारलं, बाई, उन्हात कुठं निघालात, आत कूलर आहे की. "म्हणून तर," त्या म्हणाल्या. "आत फार गार पडलंय. गारठून मरेन."

आवारात कडुलिंबाखाली सिमेंटचा कट्टा आहे, त्यावर त्या जाऊन बसल्या. थोड्या वेळानं बायकांच्या बाजूनं आई उठली आणि पदर डोक्यावर घेऊन त्यांच्यामागं गेली. मी दारातून बघत होतो. दोघी शेजारी बसल्या होत्या. पुढचे तिन्ही उद्गार त्यांनी तसेच बसून काढले. निघताना बाईंनी जावयांना दारात गाठलं. मला वाटलं आता बोलतील. बाईंनी जावयांच्या कपाळाला उलटा हात लावला, जसा ताप बघतात, आणि काही न बोलता निघून गेल्या.

पुढच्या वर्षीही चौथा उद्गार त्यांना दिला गेला नाही. त्यांनी मागितला नाही. मी त्यांना म्हणालो, बाई, तुम्ही लोकांना फार तुच्छ लेखता, हे पाप नाही का? मी खरंच घाबरत विचारलं होतं, कारण तीच सवय मलाही लागत होती. "पाप आहे," त्या म्हणाल्या. "माझं मी त्याच्याशी बघून घेईन. तू आमेन कुठं म्हणतोस तेवढं बघ." त्यांचं स्वतःचं गाऱ्हाणं काय होतं हे मी एकदा विचारायचा प्रयत्न केला. लग्न केलेलं नव्हतं, नातेवाईक कुणी येत नसत. त्यांनी घड्याळ उचलून बघितलं आणि म्हणाल्या, "कॉलेज, तुझी बस चुकेल." मी चालत आलेलो होतो.

बारावीनंतर मी पुण्याला आलो. निघायच्या आदल्या दिवशी पाळकसाहेबांनी घरी येऊन माझ्यावर हात ठेवला आणि यश, कीर्ती, मोठी नोकरी सगळं एका दमात मागून टाकलं. संध्याकाळी मेट्रनबाई आल्या. त्यांनीही प्रार्थना केली. म्हणाल्या, "देवा, हा तिकडं एकटा पडणार. याला इंग्रजी नीट येत नाही, लोक हसणार. तेव्हा तू कुठं असशील ते आत्ताच ठरव, नाहीतर मी विचारीन." आईनं आतून सांगितलं, की त्याला बाहेरचं तेल सोसत न्हाय तेबी सांगा. बाईंनी तेही सांगितलं.

पुण्यात मी खरंच एकटा पडलो. इथंही एका चर्चमध्ये जातो. तिथं सगळे फार आनंदी आहेत. पहिल्या वर्षी मला वाटायचं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. नंतर एका संध्याकाळी, वर्गात एक शब्द चुकीचा उच्चारला म्हणून सगळे हसले होते त्या दिवशी, मी होस्टेलच्या गच्चीवर जाऊन देवाला जे वाटत होतं ते सरळ सांगितलं. छान आहे म्हटलं नाही. त्यानंतर मला प्रार्थना येते असं म्हणायला हरकत नाही.

घरी फोन केला की मी बाईंची चौकशी करायचो. या फेब्रुवारीपासून आई म्हणायची, बऱ्या हायत, जरा अंगात कणकण हाय. नंतर माझी परीक्षा आली. आई फोनवर थोडकं बोलायची, अब्यास कर म्हणायची. शेवटचा पेपर झाला त्या दुपारी वडिलांचा फोन आला. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत.

म्हणाले, मेट्रनबाई गेल्या. मागल्या आठवड्यात. तुझी परीक्षा म्हणून आईनं सांगू दिलं नाही.

मी कॉलेजच्या फाटकाबाहेर उभा होतो. मातीला कोण कोण होतं ते मी विचारलं. बरीच माणसं होती, ते म्हणाले. पाळकसाहेबांनी कबरीजवळ सगळ्यांना सांगितलं, की आज कुणी रडायचं नाही, आपली बहीण आनंदात आहे, आपण हा दिवस साजरा करू. छोटा स्पीकर आणला होता, त्यावर गाणं लावलं. मग त्यांनी विचारलं, कुणाला बाईंविषयी दोन शब्द बोलायचे आहेत का? सेक्रेटरीसाहेब बोलले. बाई प्रेमळ आणि मनमिळाऊ होत्या, म्हणाले.

"आन मग?" मी विचारलं. मला आईचं विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता.

"मग तुजी आई फुडं गेली," वडील म्हणाले. "मला वाटलं माती टाकाया चालली. पर ती वर बगून बोलाया लागली. पैलं बाईंचं बोलली, की हिला एकटी का ठिवलीस, शेवटाला जवळ कोण न्हवतं. मग शम्याचं काडलं. समदं. ताप आल्यापासनं. मोठ्यानं, लोकांफुडं."

त्यांच्या पाठीमागं कारखान्यातला माग चालू असल्याचा आवाज येत होता.

"पाळकसायब जवळ गेले, म्हणले, ताई, बास आता, शांत व्हा. तर तिनं हात असा आडवा केला. म्हणली, तुमी थांबा सायब, मी तुमच्याशी बोलत न्हाय."

"मग काय झालं?"

"काय व्हायचं? गाणं बंद केलं त्यांनी. आमी समदी उनात हुबं राह्यलो, तिचं होईस्तवर."